विकर्णाची चिठ्ठी

१९८८ साली मी आठवी 'ब'मध्ये होतो. ऑक्टोबरात टीव्हीवर महाभारत सुरू झालं आणि सोमवारच्या मधल्या सुट्टीत वर्गात फूटपट्ट्यांचे बाण सुटू लागले. खिडकीची एक काच गेली. शिपाईकाका तक्रार घेऊन आले, तेव्हा संस्कृतच्या बाई एवढंच म्हणाल्या, "खेळायचंय ना? मग नीट खेळा." (बाईंचं नाव लिहीत नाही. छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही, आणि ज्यांना ओळखायचं त्यांनी ओळखलंच असेल.)

पहिला खेळ मैदानावर. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ, अशी दहा जणांची पत्ती. रथ व्हायला सगळे तयार, हत्ती व्हायला कुणीच नाही. तीन पत्त्यांचं सेनामुख, तीन सेनामुखांचं गुल्म. आठवीच्या तिन्ही तुकड्या मिळून एक गुल्म जमलं. पुढच्या गणाला २७० जण लागत होते. नववीची कुमक मागवणार तोच मुख्याध्यापक गॅलरीत येऊन उभे राहिले. मग उरलेलं सैन्य फळ्यावर गेलं. तिपटी करत करत वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी, आणि दहा अनीकिनींची अक्षौहिणी: २,१८,७००. कौरवांच्या अकरा, पांडवांच्या सात, म्हणजे एकूण ३९,३६,६००. गणितात मी कायम काठावर पास, पण हा आकडा अजून झोपेतून उठवून विचारा.

अज्ञातवासाचा खेळही मजेचा होता. पाठीवर कागद टाचायचा आणि इतरांना प्रश्न विचारून आपण कंक, बल्लव की तंतिपाल, म्हणजे वेष पालटलेला युधिष्ठिर, भीम की सहदेव, ते ओळखायचं.

मग बाईंनी पात्रांच्या चिठ्ठ्या काढल्या. ज्याला जे येईल ते वर्षभर त्याचं. मला युधिष्ठिर आला. अर्जुन मिळाला नाही म्हणून मी खट्टू, पण पुढच्या बाकावरच्या मुलीचं रडं वेगळंच होतं. तिला आला होता विकर्ण. "हा कोण? टीव्हीत पण दिसला नाही अजून." बाई म्हणाल्या, "येईल. थांब जरा."

दिवाळीनंतर द्यूत आलं. प्रत्येकाला दहा चिंचोके भांडवल, आणि फासे म्हणून फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार डाळिंब्या. शकुनी स्वतः बाई. (त्यांनी आपल्या डाळिंब्या घरून घासून आणल्या होत्या, हे आम्हाला पार दहावीच्या निरोपसमारंभात कळलं.) पंधरा मिनिटांत माझे दहाही चिंचोके गेले. "पुढे काय लावता, धर्मराज?" बाईंनी विचारलं. मी पेन लावलं, हरलो. डबा लावला, हरलो. मागून पोरं ओरडत होती, "लाव, लाव!" कान गरम झाले होते. शेजारी बसणारा मित्र पाणी प्यायला गेला होता. त्याची नवी कोरी कंपासपेटी बाकावर होती. मी ती पुढे सरकवली. हरलो.

तो परत आला. पेटी बाईंच्या टेबलावर बघून आधी हसला, त्याला वाटलं गंमत आहे. मग माझ्याकडे बघितलं. "मला न विचारता?"

वर्गात आवाज नाही. बाईही गप्प. तेव्हा विकर्ण उठला, म्हणजे ती मुलगी उठली. घाबरत म्हणाली, "बाई, ह्याच्याकडचं सगळं आधीच संपलं होतं. आणि पेटी ह्याची नव्हतीच. मग ती हरली कशी?"

बाईंनी तिला बसायला सांगितलं नाही. तिला तसंच उभं ठेवून त्यांनी सभापर्व सांगायला सुरुवात केली. द्रौपदीने दूताला परत पाठवून विचारलं, युधिष्ठिर आधी कुणाला हरला, स्वतःला की मला? भीष्मांनाही त्याचा निवाडा करता आला नाही. शंभर कौरवांतला एक भाऊ तेवढा उठून बोलला, आणि कर्णाने त्याला पोरकट म्हणून गप्प केलं. भावाचं नाव बाईंनी सांगितलंच नाही. सगळा वर्ग त्या मुलीकडे बघत होता.

टीव्हीवर तो प्रसंग नंतर आला. घरात सगळे डोळे पुसत होते, मी खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपटत होतो.

कंपासपेटी बाईंनी त्याच दिवशी परत केली. पण मित्राने तिच्यावर नाव कोरलं, कुलूपवाल्या दप्तरात ठेवायला लागला आणि वर्षभर मला हात लावू दिला नाही. वार्षिक परीक्षेत मी वर्तुळं आईच्या बांगडीने काढली.