तुम्ही विचारलेत म्हणून: इतक्या बारीक नळीची बंदूक कशासाठी?

ओहायोतल्या आमच्या घरी येणारे मराठी स्नेही भिंतीवरची बंदूक पाहिली की हमखास विचारतात: तयार भागांचा संच आणला तर ठासणीची बंदूक महिन्या-दोन महिन्यांत उभी राहते, मग या एकीसाठी तीन वर्षे का घातली, आणि एवढे करून नळी करंगळीही शिरणार नाही इतकी बारीक का ठेवली?

बारीक नळीचे कारण शिसे आणि खार. ओहायो 1803 मध्ये राज्य झाले, आणि खारींनी मक्याची इतकी नासधूस मांडली होती की 1807 मध्ये विधिमंडळाने करदात्यांना कराच्या जोडीने खारींच्या टाळूची कातडी जमा करण्याची सक्ती केली. मोठे सावज जसजसे जंगलातून दिसेनासे झाले, तसतशी शेतकऱ्याच्या बंदुकीची नळीही बारीक होत गेली. एक पौंड शिशातून अर्ध्या इंची नळीच्या सुमारे 40 गोळ्या होतात, 0.32 इंची नळीच्या दीडशेच्या आसपास होतात, आणि दारूही थोडी पुरते. त्या काळी नळीचे माप एका पौंडात किती गोळ्या होतात यावरूनच सांगत असत. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1862 मध्ये, ओहायोतल्या सिनसिनाटी शहरावर दक्षिणेचे सैन्य चालून आले, तेव्हा गव्हर्नर डेव्हिड टॉड यांच्या हाकेला ओ देऊन हजारो माणसे घरच्याच बंदुका घेऊन धावली, आणि ‘खारींचे शिकारी’ हेच त्यांचे नाव पडले. मला जी बंदूक घडवायची होती ती ही, शेतकऱ्याच्या घरातली.

वेळ का लागला, हे सांगताना माझ्या पहिल्या बंदुकीची चूक सांगावी लागेल. तिचे घोड्याचे यंत्र, म्हणजे बार उडवणारी कळ, 1840 च्या दशकातले, स्फोटक भरलेल्या छोट्या धातूच्या टोपीवर घोडा आपटून बार उडवणारे होते, आणि दस्त्यावर मात्र मी 1780 च्या सुमारच्या पेन्सिल्व्हेनियाच्या लांब बंदुकांवर शोभणारी नक्षीदार पितळी पेटी बसवली होती. एका वृद्ध कारागिराने ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि एवढेच विचारले, “ही कोणत्या सालातली?” माझ्याकडे उत्तर नव्हते. एकेक भाग सुटा पाहिला तर बरोबर होता, पण तशी बंदूक कोणत्याही गावात, कोणत्याही साली कधी झालेलीच नव्हती.

म्हणून दुसऱ्या वेळी ओहायो आणि 1845 हे आधी ठरवले आणि प्रत्येक भागाला तोच प्रश्न विचारला. नळी आणि घोड्याचे यंत्र मी विकत आणले, हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. परंतु त्या काळचे गावोगावचे कारागीरही बहुधा तेच करत. यंत्रे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून आलेली असत, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावचे बंदूककार रेमिंग्टन आपल्या नळ्या अशा कारागिरांना विकत. स्वतः भट्टी पेटवून नळी घडवली असती तर कष्टाचे कौतुक झाले असते, पण बंदूक त्या काळापासून दूरच गेली असती.

कारागिराचा हात दिसतो तो लाकडात, आणि माझी बहुतेक वर्षेही तिथेच गेली. अंगात लाटांसारखे पट्टे असलेले मेपलचे लाकूड, नळीच्या निम्म्यापर्यंतच जाणारा दस्ता, त्याच्या पुढच्या टोकाला ओतलेले कथील, खांद्याला टेकणारी चंद्रकोरीसारखी पट्टी: हे सारे चित्रातून उचलता येते, जाडी मात्र उचलता येत नाही. जुनी अस्सल बंदूक हातात घेतली की मुठीपाशी ती इतकी सडपातळ लागते की मोडेल की काय अशी धास्ती वाटते, आणि त्याच धास्तीपोटी नवशिका लाकूड राखून ठेवतो. मी एका जुन्या बंदुकीवरून पुठ्ठ्याचे साचे कापून घेतले आणि त्यांना लावून लावून महिनोन्‌महिने लाकूड खरवडले. मग लोखंड विरघळवलेले नत्राम्ल लावून लाकडाला ऊब दिली. पट्टे तांबूस तपकिरी होऊन उठून आले, आणि त्यावर जवसाचे तेल हाताने चोळून जिरवले. नळीला काळा झगमगीत मुलामा दिला नाही. पुन्हा पुन्हा गंज चढवून आणि घासून तिच्यावर तपकिरी रंग धरू दिला.

गेल्या वर्षी त्याच कारागिराकडे ही बंदूक नेली. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि या वेळी मी उत्तर दिले. त्यांनी मान हलवली, घोड्याच्या यंत्राभोवतीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “इथे अजून जाड आहे.” त्यांचे म्हणणे खरे आहे, या हिवाळ्यात ती कड उतरवायला घेतली आहे.