सात म्हणजे कुठले सात?

बायोप्सीत तपासायला काढलेल्या तुकड्यांच्या स्लाइड (काचेवरचे पातळ काप) आणि ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) लॅबमधून हातात पडायला मला 19 दिवस आणि 5 खेपा लागल्या. आता वर्ष उलटलं, तब्येत बरी आहे, पण लॅबची ती खिडकी आठवली की अजून संताप होतो. प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कॅन्सर निघालाय असं ज्यांना नुकतंच कळलंय, त्यांच्यासाठी लिहितोय.

पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) 8.4 आला, एमआरआय झाला, बायोप्सी झाली, कॅन्सर ग्रंथीबाहेर गेलेला नाही हेही कळलं. रिपोर्टवर कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा होता, ग्लिसन 4+3=7. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करून ग्रंथीच काढून टाकू. रेडिएशनचे डॉक्टर म्हणाले, रेडिएशन घ्या आणि जोडीला सहा महिने हार्मोनची इंजेक्शनं. ही इंजेक्शनं शरीरातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ बंद पाडतात. अंगातून गरम वाफा निघतात, थकवा येतो, शरीरसंबंधाची इच्छा जाते. मला त्यांचीच धास्ती होती.

मुलीने तो आकडा उलगडून सांगितला. "बाबा, सात दोन प्रकारचे असतात." पेशींची ठेवण किती बिघडलीय यावरून पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे स्लाइड तपासणारे डॉक्टर, आकडा देतात. जास्त दिसणाऱ्या ठेवणीचा आकडा आधी, दुसरा त्याच्यानंतर. 3+4 म्हणजे बराचसा भाग सौम्य, 4+3 म्हणजे उलटं. बेरीज तीच, पण 3+4 असेल तर रेडिएशनसोबत हार्मोन बऱ्याचदा लागत नाही. चारचा भाग अगदी थोडा असेल, तर काहींना नुसतं देखरेखीखालीही ठेवतात. आणि तीन की चार, हे सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी ठरतं. दोन पॅथॉलॉजिस्टचं मत वेगळं पडू शकतं. म्हणून जे रोज प्रोस्टेटच्याच स्लाइड बघतात, त्यांच्याकडून त्या पुन्हा वाचून घ्यायच्या ठरल्या.

पहिल्या खेपेला लॅबच्या खिडकीवर सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी नेली, तर म्हणे अर्जही हवा, ओळखपत्राची झेरॉक्सही हवी. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? तिसऱ्या खेपेला सही करणारे साहेब रजेवर. चौथ्या वेळी तासभर बसवून ठेवलं आणि नुसत्या स्लाइड पुढे केल्या. "ब्लॉक बाहेर देत नाही." मी म्हटलं, ताई, माझ्याच शरीराचा तुकडा आहे तो. त्या वर न बघता म्हणाल्या, "काका, नियम आहे." घरी येऊन मी कुणाशी बोललो नाही. रात्री दोन वाजता जाग यायची आणि वाटायचं, आपण इथे कागद गोळा करतोय आणि आत ते वाढतंय.

दुसऱ्या दिवशी युरोलॉजिस्टना फोन केला. ते म्हणाले, "तुमच्या बाबतीत दोन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही. घाईत निर्णय घेऊ नका." हे वाक्य कुणीतरी आधीच बोलायला हवं होतं. त्यांनी नवीन चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं : ब्लॉक हवेत, कारण ब्लॉकमधून नवीन काप घेऊन पुन्हा तपासता येतं. पाचव्या खेपेला ब्लॉक मिळाले. मेणात बसवलेले, बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे चौकोन. स्लाइड उजेडात धरली तर काचेवर दोऱ्याएवढी जांभळी रेघ. एवढ्याशा रेघेवर माझं पुढचं सगळं ठरणार होतं.

तेव्हा पहिल्याच चिठ्ठीत 'स्लाइड आणि ब्लॉक' असे दोन्ही शब्द लिहून घ्या. प्रत्येक खेपेला समोरच्याचं नाव आणि तारीख टिपून ठेवा.

नवा रिपोर्ट आला : 3+4, चारचा भाग 20 टक्के. बायको देवापाशी जाऊन बसली. मी तो कागद तीनदा वाचला.

पुढचं सोपं गेलं. दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्नांची यादी दिली : लघवीवर ताबा किती दिवसांनी, शरीरसंबंधाचं काय, पुन्हा उद्भवलं तर पुढे काय. ऑपरेशननंतर पीएसए वाढला तर रेडिएशन देता येतं. रेडिएशननंतर ऑपरेशन अवघड असतं. हे मला सर्जननी सांगितलं, आणि ते खरं आहे. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासाबद्दल रेडिएशनच्या डॉक्टरांनी सांगितलं. 1,643 पुरुष, काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर नुसतं लक्ष. 2023 साली 15 वर्षांचे निकाल आले, तेव्हा तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले शंभरात तीनच्या आसपास. मात्र नुसतं लक्ष ठेवलेल्यांमध्ये तो शरीरात पसरण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. या आकड्यांनी माझी रात्रीची झोप परत आणली.

मी 20 सिटिंगचं रेडिएशन घेतलं, हार्मोनशिवाय. दर वेळी लघवीची पिशवी भरलेली आणि पोट साफ लागतं; पहिल्या दिवशी मला परत पाठवलं होतं, म्हणून पाणी कधी प्यायचं ते आधी विचारून ठेवा. ऑपरेशन ठरलं तर ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम आधीपासूनच सुरू करा, माझ्या मित्राला फायदा झाला. आणि रेडिएशननंतर पीएसए लगेच तळाला जात नाही, हळूहळू वर्ष-दोन वर्षांत उतरतो. मध्ये थोडा वर गेला म्हणून घाबरू नका. माझा गेला होता, नंतर उतरला.

ब्लॉक परत जमा करायचे होते. मीच नेऊन दिले, त्याच खिडकीवर, आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून हललो नाही.