फॉर्मवर ‘काही नाही’

गढवाल हिमालयातल्या ‘कालिंदी खाल’ या खिंडीच्या ट्रेकला नेतो त्या टीमची चाचणी सिंहगडावर घेतो म्हटलं, की लोकांना वाटतं आम्ही घड्याळ लावून बसतो. वेळ मी बघतच नाही. पंधरा किलोची सॅक घेऊन आतकरवाडीतून वर, उतरून लगेच पुन्हा वर. दुसऱ्या चढाला माणूस पाणी पितो का, मागच्यासाठी थांबतो का, ते बघते. मग चौघाचौघांना एका दोरावर बांधून चालवते. दोर ताणलेला नको आणि पायात लोळायलाही नको. हिमनदीतल्या भेगेवर ताजं बर्फ साचलं की भेग दिसत नाही. पुढचा आत गेला तर बाकीच्यांनी त्याच क्षणी आडवं पडून आइस अ‍ॅक्स रोवायची असते. दोर जितका ढिला, तितका तो खोल जाणार आणि तितका मोठा हिसका मागच्यांना बसणार. या एका गोष्टीसाठी मी लोकांना रडकुंडीला आणते आणि पुढेही आणीन.

यंदा दोरावर सगळ्यात सुरेख चालले ते पंचेचाळिशीचे एक गृहस्थ. फॉर्मवर ‘पूर्वी उंचीचा त्रास?’ याच्यापुढे ‘काही नाही’. सोबत फिटनेस सर्टिफिकेट, ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल. ही सर्टिफिकेटं दोन मिनिटांत मिळतात. याआधी किती उंचीवर झोपला होतात, हे सही करणारा कुणी विचारत नाही.

गडावर पिठलं-भाकरी खाताना लडाखचा विषय निघाला. ते सहज म्हणाले, “मला लेहला कफ झाला होता, ताई. विमानाने गेलो आणि दुसऱ्या रात्री आडवंच होता येईना. बसून रात्र काढली.”

“कफाचा रंग कसा होता?”

“जरा गुलाबीसर.”

संध्याकाळी त्यांनी फोनवर डिस्चार्ज कार्ड दाखवलं. हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडिमा. म्हणजे फुफ्फुसात पाणी. त्यांनी लपवलं असं मला वाटत नाही. ऑक्सिजन लावला, खाली आणलं, बरं वाटलं, म्हणून त्यांच्या लेखी तो कफच राहिला. पण ज्याला हे एकदा झालं, त्याला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि दमसास त्यापासून वाचवत नाही.

मी नाही म्हटलं. माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीला ते पटलं नाही. निफेडिपिन हे प्रतिबंधक औषध सुरू करायचं, ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, मधे विश्रांतीचे दिवस ठेवायचे; अशा माणसांना नेता येतं, असं ती म्हणाली. तिचं बरोबर आहे. दुसऱ्या एखाद्या वाटेवर मीही नेलं असतं.

अडचण या वाटेची आहे. या आजारावर खरं औषध म्हणजे उंची कमी करणं. नंदनवनचा मुक्काम साधारण ४३४० मीटरवर, वासुकी तालचा ४९०० च्या आसपास. तिथून पुढे चतुरंगी हिमनदीच्या दगडगोट्यांतून दिवसेंदिवस चालायचं, तेही जवळजवळ आडवं. खारा पत्थरच्या मुक्कामाला रात्री कुणाची छाती घुरघुरू लागली, तर मागे फिरून दिवसभर चालूनही उंची फारशी कमी होत नाही. खिंड ५९५० मीटरवर. पलीकडे राजपरावच्या मुक्कामाला उतरलं की एका दिवसात हजारेक मीटर खाली येतो, पण त्यासाठी आधी खिंडीवर चढावं लागतं. सीमेजवळचा भाग, सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि हेलिकॉप्टर हवामानाच्या मर्जीवर.

त्यांनी आता दुसऱ्या एका ग्रुपबरोबर नाव नोंदवलंय. तिकडच्या फॉर्मवर काय लिहिलं ते सांगत नाहीत. कार्ड तिथल्या लीडरला दाखवा, म्हणून मी दोनदा विनवलं. आजार त्यांचा, माहिती त्यांची, ती परस्पर सांगण्याचा मला हक्क नाही, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे. माझा कल मात्र फोन करण्याकडे झुकतोय. मोरेनवरून, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या राशींवरून, त्यांना पाठीवर घेऊन उतरायची वेळ आली, तर ते पोर्टर करणार आहेत. त्यांना तो फॉर्म कुणी वाचायला दिलेला नाही.