तुम्ही विचारलंत म्हणून: बाळंतिणीने समुपदेशन ऑनलाइन घ्यावे की समोरासमोर?

गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांसाठी समुपदेशनाचे काम करताना एक प्रश्न मला सतत विचारला जातो: सत्रे ऑनलाइन घेतली तर चालतील का, की प्रत्यक्षच यायला हवे? विचारणारी कधी सातव्या महिन्यातली स्त्री असते, कधी तिची आई, आणि हल्ली बऱ्याचदा नवरा. प्रत्यक्ष भेट म्हणजे खरे उपचार आणि फोनवरचे बोलणे म्हणजे वेळ मारून नेणे, अशी एक समजूत या प्रश्नाच्या तळाशी असते. तेव्हा आधी त्या समजुतीविषयी.

अमेरिका आणि कॅनडा येथील १,२३० गरोदर व बाळंत स्त्रियांचा एक तुलनात्मक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नैराश्याची लक्षणे असलेल्या या स्त्रियांपैकी काहींना सत्रे व्हिडिओवर मिळाली, काहींना समोरासमोर, आणि कोणाच्या वाट्याला काय येणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. दोन्हीकडे सारखाच उतार पडला. सत्रे घेणारी व्यक्ती तज्ज्ञ होती की प्रशिक्षण दिलेली परिचारिका किंवा सुईण, यानेही फारसा फरक पडला नाही. त्यामुळे सौम्य किंवा मध्यम नैराश्यासाठी ऑनलाइन सत्रे मी बिनदिक्कत सुचवते. आपल्याकडे खरी गाठ पडते ती घराशी.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीतच घ्या. ओटीभरण झाले की मुलगी ठाण्याहून जळगावला किंवा पुण्याहून साताऱ्याला जाते, तिथे बाळंत होते, सव्वा महिना फारशी घराबाहेर पडत नाही आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास सासरी परतते. म्हणजे मन सर्वांत नाजूक असते त्याच काळात तिचा मुक्काम दोनदा हलतो. प्रत्यक्ष भेटीचाच आग्रह धरला, तर प्रत्येक ठिकाणी नवा समुपदेशक शोधायचा, सगळे पहिल्यापासून सांगायचे, आणि तालुक्याच्या गावी असे कोणी मिळेलच याची खात्री नाही. त्यात सिझेरियनचे टाके, दर दोन-तीन तासांनी पाजणे, आणि ओल्या बाळंतिणीने रिक्षात बसण्याला घरातल्या थोरांचा विरोध. फोनमुळे या सगळ्यात ऐकणारे माणूस तेच राहते, आणि माझ्या मते ऑनलाइन सत्रांचा सर्वांत मोठा फायदा तोच आहे. वाचणारे रिक्षाभाडे ही फार पुढची गोष्ट.

पण बाळंतिणीची खोली ही घरातली सर्वांत गजबजलेली खोली असते. सकाळी मालिश करणारी बाई, मग शेक-शेगडी, मग डिंकाचा लाडू घेऊन आई, दुपारी बाळ बघायला आलेल्या आत्या आणि मावश्या. दाराला आतून कडी लावणे रीतीत बसत नाही. अशा खोलीतून बोलणाऱ्या स्त्रीचा फोन गादीवर पडलेला असतो, मला पडद्यावर छताचा पंखा आणि पाळण्याची कड दिसते, आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो, बरंय’, ‘जेवते की’ अशी एकाच सुरातली उत्तरे येतात. शेजारी कोणीतरी लसूण सोलत बसले आहे, हे तेव्हा न सांगता कळते. सासरी परतल्यावर तर अडचण आणखी वाढते. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले होते, आणि त्याचा संबंध आर्थिक ओढाताण, नवऱ्याशी न पटणे आणि मुलगी होणे यांच्याशी दिसला होता. ज्या माणसांविषयी बोलायचे ती भिंतीपलीकडेच बसलेली असतील, तर नेटवर्क कितीही चांगले असून काय उपयोग?

म्हणून ऑनलाइन सुरुवात करण्याआधी मी जागेविषयी खोदून विचारते: बंद होणारे दार आहे का, फोन स्वतःचा आहे का, त्याचा पासवर्ड आणखी कोणाला ठाऊक आहे का. इअरफोन लावला तरी माझा प्रश्न तेवढा झाकला जातो, तिचे उत्तर घरभर ऐकू जाते. त्यामुळे गरजेप्रमाणे मी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर लागेल असे प्रश्न विचारते, आणि कोणी खोलीत आले तर तिने बाळाच्या लसीची तारीख विचारायची, असे आधीच ठरवून ठेवते. इमारतीखाली उभ्या केलेल्या गाडीत, बाळाला मांडीवर घेऊन मोकळेपणी बोलणाऱ्या स्त्रियाही आहेत. बाळंतपणानंतरचे नैराश्य तपासण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिंबरो प्रश्नावली अवघ्या १० प्रश्नांची आहे आणि फोनवर सहज भरता येते. पण तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे, आणि नवऱ्याच्या फोनवर तो मी कधीही पाठवत नाही.

घरात मारहाण किंवा धाकदपटशा असेल, तर प्रत्यक्ष भेटच हवी. तिथे लसीकरणाचा आधार होतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी बाळाला बाहेर न्यावेच लागते, त्याला कोणी हरकत घेत नाही, आणि त्याच फेरीत तासभर भेटता येते. प्रत्यक्ष भेटीत मला अशाही गोष्टी दिसतात, ज्या कॅमेऱ्याच्या चौकटीत मावत नाहीत: रडणाऱ्या बाळाकडे ती किती वेळाने वळते, त्याला उचलताना तिचे खांदे कसे होतात, पिशवी आवरताना हात थरथरतात का. थकव्यामागे रक्तक्षय किंवा बाळंतपणानंतर बिघडलेले थायरॉइडही असू शकते, आणि त्यासाठी रक्ततपासणीच करावी लागते.

एका परिस्थितीत मात्र हा प्रश्न विचारतच बसू नये. पहिल्या दोन आठवड्यांतले रडू येणे बहुतेकींना होते आणि ओसरते. पण त्याच काळात बाळंतीण रात्रंदिवस जागी राहू लागली, असंबद्ध बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू लागली किंवा बाळाविषयी भलत्याच कल्पना करू लागली, तर तो हजार बाळंतपणांत एक-दोन वेळा होणारा प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार असू शकतो. ‘बाहेरचे झाले’ म्हणून अंगारे-धुपारे करण्यात आणि ऑनलाइन वेळ मिळण्याची वाट पाहण्यात सारखाच धोका आहे. तिला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावे. जीव देण्याचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार असतील तर तिला क्षणभरही एकटे ठेवू नये. रुग्णालयात बाळापासून तोडतील या भीतीने घरचे मागे हटतात, म्हणून सांगते: तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून शक्यतो वेगळे करू नये, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच म्हटले आहे, आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा स्वतंत्र विभाग आहे. घाबरलेल्या अवस्थेत पुढे काय करावे हे सुचत नसेल, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.

बाकीच्यांना मी असे सांगते की निवड बाळंतपणाआधीच करून टाका. तपासणीसाठी घराबाहेर पडणे चालूच असते, तेव्हाच एक-दोनदा प्रत्यक्ष भेटा, आणि माहेरी गेल्यावर त्याच व्यक्तीशी ऑनलाइन बोलणे चालू ठेवा. आधी खोली पाहिलेली, चेहरा ओळखीचा झालेला, म्हणजे नंतर पडद्यावर गप्प बसायलाही संकोच वाटत नाही. समोरची व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची तिची नोंदणी विचारून घ्या. ॲपवरच्या तारांकित शिफारशींवर माझा फारसा भरवसा नाही.

न्यू जर्सी किंवा म्युनिकहून विचारणाऱ्या मराठी मुलींचा पेच वेगळा आहे. रात्री तीन वाजता जे मनात येते ते मराठीतच येते, म्हणून त्यांना इथल्या कोणाशी तरी बोलायचे असते, आणि ते मी समजू शकते. पण इतक्या दुरून मला त्यांच्या दारी कोणाला पाठवता येत नाही, शिवाय परवान्याचे नियम तिथले लागू होतात. तेव्हा तिथल्या प्रसूतितज्ज्ञाला किंवा दाईला आपली अवस्था आधी सांगा, आणि माझ्याशी पहिल्यांदा बोलाल तेव्हा तुमच्या घराचा पूर्ण पत्ता, तिथला आपत्कालीन क्रमांक आणि किल्ली असलेल्या एका शेजाऱ्याचे नाव मला लिहून द्या.