हरेगावच्या वाटेवरची पंधरा गाणी

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 120 पासून 134 पर्यंतची पंधरा स्तोत्रं वाटेवरची आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर ‘आरोहणस्तोत्र’ असं लिहिलेलं असतं. यरुशलेम डोंगरावर वसलेलं, त्यामुळं कुठूनही या, शेवटी चढणच. वल्हांडण, पन्नासावा दिवस आणि मांडवांचा सण, या वर्षाच्या तीन सणांना यहुदी माणसं ती चढण चढायची आणि वाटेत ही गाणी म्हणायची, असं मानतात. गेल्या सप्टेंबरात आम्ही वैजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मारिया हिच्या, यात्रेला हरेगावला चालत निघालो, तेव्हा ही पंधराही स्तोत्रं मी पोराच्या जुन्या वहीत उतरवून घेतली होती. बायबल जाड, चालताना हातात धरवत नाही.

पवित्र मारियेचा जन्मदिन 8 सप्टेंबरचा. त्या सुमाराला श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव माणसांनी भरून जातं. एरवी बेलापूर कंपनीच्या जुन्या साखर कारखान्यामुळं लोकांना ठाऊक असलेलं हे गाव. आधी नोव्हेना, म्हणजे सणाच्या तयारीची प्रार्थना, चालते आणि मग नगर, नाशिक, संभाजीनगर, जालन्याकडून लोक येतात. कुणी एसटीनं, कुणी टेम्पोत, पुष्कळ जण पायी. आपल्याकडं चालण्याची ओढ रक्तातच आहे. आषाढीला आमच्या गल्लीतली निम्मी माणसं पंढरपूरला जातात, तेव्हा त्यांच्या म्हशींना वैरण आम्ही टाकतो. भाद्रपदात आम्ही निघतो, तेव्हा ते आमच्या टाकतात.

आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, दिंडीत पुढं क्रूस आणि निळा झेंडा, मागं टाळ-ढोलकी, सगळ्यात शेवटी सामानाचा टेम्पो. घरातून आम्ही चौघं. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो, माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांचा बारा वर्षांचा मुलगा आणि मी. नवरे दोघंही आले नाहीत. एक येणार म्हटल्यावर दुसरा येत नाही, असं उन्हाळ्यापासून चाललंय. विहीर सामायिक, मोटार एक, आणि पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बोलणं बंद. कुणाचं खरं, हे सांगायची ही जागा नाही. जाऊबाई आणि मी बोलतो, पण जपून. मीठ-साखरेपुरतं.

शुक्रवारी दुपारी निघालो. पावसानं ओढ दिलेली, ऊन चटका देणारं, रस्त्याच्या कडेला माना टाकलेली सोयाबीन. 121वं स्तोत्र तिथंच आपोआप तोंडात आलं, दिवसा सूर्याची आणि रात्री चंद्राची बाधा होणार नाही ते. घरात पंख्याखाली वाचताना ही ओळ मला नुसती शोभेची वाटायची. डांबरावरून चालताना ती पाणी मागितल्यासारखी निघते.

वहीची पानं उलटता उलटता एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. ही सगळी देवाच्या घराकडं निघालेल्या माणसांची गाणी, पण त्यांत मंदिर किती थोडं आणि घर किती आहे! 127व्यात घर बांधणारे आहेत, पहाटे उठून उशिरापर्यंत राबणारे आहेत, पोरंबाळं आहेत, आणि देव आपल्या माणसाला झोप देतो, असं आहे. 128व्यात बायको आहे, जेवायला बसलेली मुलं आहेत, नातवंडं बघण्याचा आशीर्वाद आहे. 123व्यात मालकिणीच्या हाताकडं डोळे लावून बसलेली दासी आहे. सणाला निघालेला माणूस सोबत काय नेतो? चूल, पोरं, उधारी, भावाचा अबोला. ते मागं ठेवून या, असं या गाण्यांत एकदाही म्हटलेलं नाही.

आत्यांना वाचता येत नाही. सत्तरी कधीच ओलांडली. चालताना मी एक-एक ओळ म्हणायची आणि त्यांनी मागून म्हणायची, असं चाललं होतं. 131वं स्तोत्र तीनच ओव्यांचं आहे. माझं मन गर्विष्ठ नाही, माझ्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींत मी पडत नाही, दूध तुटलेलं मूल आईजवळ असावं तसा माझा जीव शांत आहे, एवढंच. मी ओळ म्हटली आणि आत्या मागून बोलल्याच नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, “परत म्हण गं.”

मी परत म्हटली.

“ज्यानं हे लिहिलं, त्यानं पोरं सांभाळलीत,” आत्या म्हणाल्या. “अंगावरचं पोर आईजवळ येतं ते दुधासाठी. हुंगतं, रडतं, पदर ओढतं. दूध तुटलं की पहिले काही दिवस आकांत करतं. आन मग एक दिवस येतं आन नुसतं मांडीवर बसतं. त्याला काही नको असतं. आई पायजे असती.”

मी हे स्तोत्र लहानपणापासून ऐकलंय. त्यावर प्रवचनं ऐकलीत. इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. आत्यांनी सहा लेकरं वाढवली, दोन मातीत दिली. त्यांना त्या ओळीत शिरायला पुस्तकाची गरज पडली नाही.

रात्री गोदावरीच्या अलीकडं एका शाळेच्या व्हरांड्यात मुक्काम केला. गावातली माणसं पिठलं-भाकरी घेऊन आली. त्यांच्याकडं दर वर्षी सप्ताह असतो, वारकऱ्यांच्या सराला बेटाशी जोडलेला मुलूख हा, चालणाऱ्याला जेवू घालणं त्यांना शिकवावं लागत नाही. एका काकांनी स्वतः वाढलं आणि “माउलीला आमचा बी नमस्कार सांगा” म्हणाले. आत्यांनी त्यांचा हात धरून सांगते म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं सांगितला.

शनिवारी पहाटे पूल ओलांडला. शनिवारच्या जपमाळेत आनंदाची रहस्यं, म्हणजे मारिया आणि येशूच्या आयुष्यातले पाच प्रसंग, घेतात. देवदूताचा निरोप, अलिशिबेची भेट, बाळाचा जन्म, मंदिरातलं समर्पण आणि हरवलेला येशू मंदिरात सापडणं. पाचही रहस्यं घरातली आणि बरीचशी वाटेवरची. दुसऱ्या रहस्याला मी आणि जाऊबाई नेमक्या एका ओळीत होतो. मारिया गरोदर असताना घाईनं डोंगराळ भागात आपल्या नातेवाइकिणीकडं, अलिशिबेकडं, जाते आणि सुमारे तीन महिने राहते. लूकनं लिहिलेल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, त्या दोघींचं पहिलं बोलणं तेवढं आहे. पुढच्या तीन महिन्यांबद्दल लूक गप्प आहे. दळण, पाणी, स्वयंपाक, म्हातारपणी दिवस गेलेली एक बाई आणि अजून पोरवयातली दुसरी. त्या घरातला पुरुष, अलिशिबेचा नवरा जखऱ्या, तर मुका झालेला. मला ते घर फार ओळखीचं वाटलं. आमच्याकडं दोन मुके आहेत.

पाचव्या रहस्याला तर खरंच तसं घडलं. जाऊबाईंचा मुलगा दिसेना. त्यांना वाटलं माझ्याबरोबर आहे, मला वाटलं आत्यांबरोबर. लूकच्या दुसऱ्या अध्यायात अगदी हेच लिहिलंय. सोबतच्या मंडळीत असेल असं समजून योसेफ आणि मारिया दिवसभराची वाट चालून गेले, मग नातलगांत आणि ओळखीच्यांत शोधू लागले. दिंडीत पोर असंच हरवतं. सगळी आपलीच माणसं असतात म्हणून हरवतं. जाऊबाई उलट्या दिशेनं पळत सुटल्या आणि मी त्यांच्यामागं. उसाच्या कडेनं जाताना त्या एकच वाक्य बोलत होत्या, “ह्याच्या बापाला काय सांगू?” पोरगा टेम्पोत स्पीकरवाल्याशेजारी बसून माइकच्या वायरी लावत होता. जाऊबाईंनी त्याला एक धपाटा घातला आणि मग जवळ ओढलं. मारियेनं पोराला विचारलं होतं की तू आमच्याशी असा का वागलास. त्या प्रश्नात धपाटा आणि मिठी दोन्ही आहेत, हे मला त्या रस्त्यावर दिसलं. तिला मुलाचं उत्तर कळलं नाही, असंही लूक स्पष्ट लिहितो. देवाची आई, तरी तिलाही तिचं पोर कळलं नाही. या वाक्यानं मला किती धीर दिलाय, ते माझं मला माहीत.

त्यानंतर जाऊबाई माझा हात धरूनच चालत होत्या.

हरेगाव जवळ आल्यावर मंडळींनी 133वं सुरू केलं. बंधूंनी ऐक्यानं एकत्र राहणं किती चांगलं आणि मनोरम! जाऊबाईंचा आवाज थांबला, माझाही. पुढं अहरोन याजकाच्या दाढीवरून ओघळणारं तेल आलं, हर्मोन डोंगरावरचं दंव आलं, आम्ही दोघी गप्प. हे गाणं भाबडं नाही. ज्या शास्त्रात हे आहे त्याच शास्त्रात अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट यांच्या गुराख्यांची भांडणं आहेत, कारण एवढ्या गुरांना ती जमीन पुरत नव्हती. अब्रामाचा मुलगा इसहाक, त्याच्या माणसांनी विहीर खणली की गराराचे गुराखी येऊन “पाणी आमचं” म्हणतात, हेही त्यातच आहे. इसहाक पुढं सरकतो, दुसरी खणतो, तिथंही तंटा. तिसऱ्या विहिरीवर कुणी भांडलं नाही. पाण्याची पाळी म्हणजे काय, हे जाणणाऱ्या लोकांनी ते गाणं म्हटलंय, म्हणून मला ते म्हणवलं नाही आणि म्हणूनच ते खरं वाटलं. ढोलकीवाल्यानं ते पुन्हा उचललं, तेव्हा जाऊबाईंनी सुरुवात केली. मी त्यांच्यामागून म्हटलं.

देवळासमोर रांग मोठी होती. मेणबत्त्या, हार, नारळ, नवसाचे पाळणे. कुणी पोर मागतं, कुणी नोकरी, कुणी आजारातून सुटका. मला त्या मागण्यांबद्दल आदर आहे. शुभवर्तमानातली माणसंही येशूकडं दुखणं घेऊनच आली होती. मीही दोघा भावांसाठी मागितलं, शब्द मोजून मागितलं. आत्या माउलीपुढं उभ्या राहिल्या, काकांचा नमस्कार सांगितला आणि मग काही बोलल्या नाहीत. मागून लोक ढकलत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, “आत्या, काय मागितलं?”

“काही नाही. बसले होते.”

उभ्या होत्या त्या. पण मला कळलं.

रविवारी मिस्सा, चर्चमधली मोठी उपासना, झाली आणि आम्ही परतीची जीप धरली. मंदिरात सापडलेला येशू आई-बापाबरोबर खाली नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, ज्ञानानं आणि वयानं वाढत गेला, जवळपास एवढंच सांगून लूक थांबतो. पुढं तो भेटतो तेव्हा सुमारे तीस वर्षांचा आहे. मधली अठरा वर्षं घरात, शेजारात, सुताराच्या कामात गेली, आणि त्यांतलं काहीही लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. जीपमध्ये मी हे जाऊबाईंना सांगत होते. त्या ऐकत होत्या, मांडीवर पोरगा झोपलेला.

“या आठवड्यात लाइट रात्रीची हाये,” त्या म्हणाल्या. “मोटार चालू करायला मी येईन. तू बॅटरी घेऊन बांधावर थांब. दोघांनाही उठवायचं नाही.”

“आधी कुणाची कपाशी?” मी विचारलं.

“वाळली आसंल तिची.”