पाचव्या दिवसाची थरथर

मेल मेडिकल वॉर्डातले हे बाबा साठी ओलांडलेले. बिडीने फुप्फुसं खराब झालेली, धाप वाढली म्हणून दाखल. रोजची दोन बंडलं, तीही ऐन तरुणपणापासून. दाखल झाल्यापासून बिडी बंद होती. त्यांनी सोडली म्हणून नव्हे, नाकाला ऑक्सिजन होता आणि मुलाने बंडीचा खिसा रिकामा केला होता म्हणून. पाचव्या दिवशी सकाळी हात थरथरायला लागले. दोनदा उलटी, रात्रभर झोप नाही, नाडी १२४. नाइटच्या ब्रदरने ड्यूटी सोपवताना (ओव्हर देताना) सांगितलं, "तलफ आहे सिस्टर. बिडी मागतायत."

तलफ होतीच, पण या लक्षणांचा हिशेब तिच्याने लागत नव्हता. निकोटिन तुटल्याचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतो, मग हळूहळू उतरतो. त्यात माणूस चिडतो, अस्वस्थ होतो, झोप उडते, भूक वाढते. नाडी मात्र थोडी मंदावते. १२४ नाडी आणि उलटी त्या चित्रात बसत नाही. दारू तुटली तरी हात थरथरतात, म्हणून मुलाला बाजूला घेऊन विचारलं. बाबा दारूला शिवत नव्हते. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या वाफेनेही थरथर होते आणि नाडी वाढते, पण वाफ आदल्या दिवशीच चार तासांवरून आठ तासांवर आणली होती.

मग ट्रीटमेंट शीट नीट वाचली. धापेवरची थिओफायलिनची गोळी घरून चालू होती, तीच, त्याच डोसमध्ये. सगळी गोम इथे होती. बिडीच्या धुरातले काही घटक यकृतातलं एक एन्झाइम जोरात कामाला लावतात आणि तेच एन्झाइम थिओफायलिन मोडतं. त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगातून हे औषध झपाट्याने निघून जातं आणि त्याला डोस जास्त लागतो. धूर थांबला की काही दिवसांत एन्झाइम पूर्वपदावर येतं, आणि वर्षानुवर्षं पचलेली गोळी तेवढीच असूनही जास्त होते. मळमळ, उलटी, थरथर, छातीत धडधड, पुढे बेताल ठोके किंवा झटकेसुद्धा. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. म्हणून निकोटिनचा पॅच लावला किंवा निकोटिनचा गम चघळायला दिला तरी यात फरक पडत नाही, आणि नुसती मिश्री लावणाऱ्याला हा प्रश्न येत नाही. मानसोपचार वॉर्डात क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन या मानसिक आजारांवरच्या औषधांच्या बाबतीतही हेच घडतं.

चहातलं कॅफीन मोडणारं एन्झाइमही हेच. मुलगा थर्मास भरून आणत होता, बिडी नाही तर निदान चहा तरी, या मायेने. तोही कमी करायला सांगितला.

बिडी कधी बंद झाली आणि लक्षणं कधी आली याची तारीखवार नोंद मेडिकल ऑफिसरना दाखवली. त्यांनी गोळी थांबवली, ईसीजी काढायला लावला (ठोके जलद, पण ताल नीट) आणि रक्त पोटॅशियमच्या तपासणीला पाठवलं, कारण थिओफायलिन आणि वाफेचं औषध दोन्ही ते खाली आणतात. रक्तातली थिओफायलिनची पातळी बघायची सोय आमच्याकडे नाही, त्यामुळे नाडी, थरथर आणि उलटी यांवरच लक्ष ठेवलं. दुसऱ्या सकाळी नाडी ९६ वर आली. पुढे गोळी कमी डोसने सुरू झाली.

तलफेचा प्रश्न तरीही उरलाच. गम आधीच दिला होता, तो फसला होता. बाबा तंबाखूसारखा तो भराभर चावायचे आणि पिंक टाकायचे. पिंकेतून निकोटिन बाहेर, आणि जे घशात गेलं त्याने उचकी. चावायचा तो हळू, तोंडात झणझणलं की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये धरायचा, झणझण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, लिंबू सरबत काही नाही, नाहीतर निकोटिन गालातून नीट शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा गम, बाकीच्यांना २. बाबांची पहिली बिडी अंथरुणातच. म्हणजे ४ चा. पण नाडी उतरेपर्यंत तो थांबवायचं ठरलं.

गम पुन्हा सुरू झाला तो नाइटच्या ब्रदरच्याच ड्यूटीत. तो शिकवायला गेला तर बाबा म्हणाले, "ब्रदर, तुमी आत्ता वडून आलाय. वास येतुया. मला कशाला सांगताय?" ब्रदरने वाद घातला नाही. "होय बाबा, माझीही सुटत नाही," म्हणाला, आणि कागद फाडून एक गम स्वतः तोंडात टाकून दाखवला. बाबांना चावण्याची रीत जमली ती त्या रात्री.

ओढणारा नर्सिंग स्टाफ सल्ला द्यायला नालायक असतो, हे मला पटत नाही. पण तो प्रश्नच टाळतो, हे पाहिलं आहे. केसपेपरवर 'समुपदेशन केले' लिहून पुढे सरकतो. शिवाय नाइटला पहाटे तीनला सिगारेट हेच बाहेर जायचं एकमेव कारण असतं. न ओढणाऱ्याला ती दहा मिनिटं कुणी देत नाही. आमच्या इन्चार्जबाईंनी ती दहा मिनिटं सगळ्यांना रोस्टरमध्ये लिहून दिली. नोटिसा चिकटवण्यापेक्षा हे बरं.

डिस्चार्जच्या कार्डावर तीन गोष्टी लाल पेनाने लिहिल्या. घरी ऑक्सिजन लागला तर त्या खोलीत बिडी, काडी, चूल काही नाही, कारण कपड्यांत आणि पांघरुणात ऑक्सिजन साठून राहतो. बिडी पुन्हा सुरू झाली तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा, कारण गोळी कमी पडून धाप वाढेल. आणि तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, मोफत. फोन करायचं काम मुलाकडे. वॉर्डातून आम्हीही महिनाभर अधूनमधून फोन करायचं ठरवलं, कारण घरी गेल्यावर पाठपुरावा झाला नाही तर वॉर्डातली मेहनत फारशी टिकत नाही.

बाबांच्या बायकोला मात्र तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ ओढणारे होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तरी आमचा प्रश्न बिडीपाशीच थांबतो. 'तंबाखू खाता का?' विचारलं की मिश्री लावणारी बाई सरळ नाही म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. "मावशी, मिश्री दिवसातून किती वेळा?" असं विचारलं. त्यांनी बोटं मोजली. सकाळ, जेवणानंतर, दुपारी, झोपताना. मग बटव्यातली डबी काढून पुढे केली, "ह्याला पन त्यो गम चालतो का?"

चालतो, असं सांगितलं, आणि त्यांचाही केसपेपर काढायला पाठवलं.