पांडुरंगाच्या वडिलांचं उत्तर
(माजी विद्यार्थ्याचे मनोगत, दहावी १९८८)

आमच्या मराठीच्या बाईंना ‘स्वभावचित्र रेखाटा’ या प्रश्नाचा भारी राग. मार्गदर्शकात उत्तर तयारच असायचं: प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी. नाव तेवढं बदलायचं. त्यावर उतारा म्हणून शनिवारच्या शेवटच्या तासाला त्यांनी ‘कोसला’ वाचायला घेतली. अभ्यासक्रमात नव्हती, तरी घेतली.

कादंबरी १९६३ची, लेखक भालचंद्र नेमाडे आपल्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यामुळे वर्गात दुसरंच सुरू झालं. कोणाचे काका लेखकाला ओळखायचे, कोणाला पुस्तकातला अमका माणूस खरा कोण ते ठाऊक होतं. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजे नेमाडेच, यावर तर आमचं एकमत! बाई म्हणाल्या, ‘‘नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. पांडुरंग नापास होऊन घरी बसला. आता बोला.’’

मग त्यांनी आणखी एक पेच टाकला. गोष्ट सांगतोय पंचवीस वर्षांचा पांडुरंग, आणि सांगतोय कॉलेजातल्या पोराबद्दल. त्या पोराची टिंगल करणाराही तोच. मग यातला खरा कोण? तो स्वतःबद्दल जे म्हणतो ते बाजूला ठेवा, म्हणाल्या, आणि तो काय करतो ते बघा. वडिलांच्या नावाने बोटं मोडतो, पण वडिलांच्याच पैशावर होस्टेलात चार पोरांना चहा पाजतो. मेसचा कारभार अंगावर घेतो नि तोट्यात जातो.

चाचणीत प्रश्न आला: पांडुरंगाबद्दल त्याच्या वडिलांना काय वाटत असेल, त्यांच्या तोंडून लिहा. बहुतेकांनी पानभर उपदेश लिहिला. मागच्या बाकावरच्या एकाने नुसता हिशेब मांडला. फी, मेस, कपडे, परत मेस, ‘किरकोळ’, आणि खाली ‘केळीचे पैसे आले की पाठवतो’. बाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला. हसता हसता आम्ही गप्प झालो, कारण असला बाप आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी होता. पुस्तकात तो फक्त मुलाच्या नजरेतून दिसतो, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

पुढे मीही पुण्याला गेलो, होस्टेलात राहिलो, आणि ‘कोसला’ पुन्हा वाचली. पांडुरंग पुण्यात असतो आणि इकडे गावी त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरण पावते. शाळेत बाईंनी ती पानं वाचलीच नव्हती, ‘घरी वाचा’ म्हणाल्या होत्या. ती वाचल्यावर मात्र त्यांचं एक म्हणणं मला पटेना. पांडुरंगाचं गावी परतणं म्हणजे हार, असं त्या म्हणायच्या. ज्या शहरात त्याची बहीण कोणाला माहीतसुद्धा नव्हती, तिथे पदवी घेऊन तो कोण होणार होता? सांगवीत निदान तो तिचा भाऊ होता.

शाळेच्या महोत्सवाला बाई येणार आहेत असं कळलं. चहाच्या वेळी हा वाद काढणार आहे.